अप्पांनी मागितलेली मतं

माझा धाकटा भाऊ पाच जणांच्या पॉप ग्रुपमध्ये गातो. देशोदेशीच्या गाण्यांच्या स्पर्धेत भारताकडून त्यांचा ग्रुप निवडला गेला, तेव्हा केशवापुरातल्या सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटून आले ती मी. आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नुसता चष्मा पुसला. हुबळीच्या बाजारातलं आमचं साड्यांचं दुकान आजोबांपासूनचं, आणि त्यांच्या नातवानं टीव्हीवर उड्या मारत गावं हे काही अप्पांच्या पचनी पडत नव्हतं. निघायच्या दिवशी त्यांनी भावाला बजावलं, "शेवटचे आलात तर गाणं बंद. गुमान दुकानात येऊन बसायचं."

आणि हे गाढव हो म्हणालं! माझा नुसता संताप झाला.

पण आमच्या अप्पांचं सगळंच उफराटं. आठवड्याभरानं मी शिकवते ती शाळा सुटल्यावर दुकानात डोकावते तर काय, हे साड्या उलगडता उलगडता येईल त्या गिऱ्हाइकाला पोरासाठी मत द्यायला सांगतायत, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत. शेवटी एका बाईंच्या कॉलेजातल्या मुलीनं हसत सांगितलं, की काका, आपल्याच देशाला मत देता येत नाही, ते बाहेरच्या देशांतूनच यावं लागतं. अप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. बरी जिरली, म्हटलं.

जिरली कुठली! ज्या मुलींच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधला होता, त्यातल्या कोण सिंगापूरला, कोण जपानला गेल्यात ते आठवून आठवून अप्पांनी त्यांच्या आईबापांना फोन लावले. एकीला तर थेट गाठून तिच्या शालूची आठवण करून दिली. ती बिचारी काय नाही म्हणणार?

अंतिम फेरी रविवारी दुपारी होती. पोरं काय गायली म्हणून सांगू! आई रडली, मी शिट्टी मारली. मग एकेका देशाचे गुण यायला लागले. एका देशानं आम्हाला पैकीच्या पैकी दिले, तर अप्पा लेंगा सावरत चक्क नाचले. तो शालू माझाच, म्हणाले. हसून हसून आमची पोटं दुखली. त्यानंतर मात्र कुणी काही दिलं नाही आणि आम्ही शेवटचे आलो.

संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा एवढासा झाला होता.

"अप्पा, शब्द दिला होता," तो म्हणाला. "परवापासून दुकानात येतो."

"जागा नाही," अप्पा म्हणाले. "माणूस ठेवलाय."

तो नवा माणूस मी पाहिला होता. सणाच्या गर्दीपुरता असेल, असं धरून चालले होते. कधी ठेवला, भावानं विचारलं.

"तू विमानात बसलास त्याच दिवशी."