एक जीबीत न मावणारा सत्कार

येळ्ळूरची विनोदिनी मुळात गणिताची बाई. विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं ‘अनुदान येणार’ हे ऐकत तिनं भूमिती शिकवली, आणि अनुदानाच्या आधी शाळेलाच कुलूप लागलं. लॉकडाउनमध्ये घरच्या जुन्या लॅपटॉपवर ती वेबसाइट चालवायला शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणूनच बहुधा तिला ते नीट आलं. पुढं खासबागेत गोपाळसरांच्या ‘उत्कर्षवाट’ क्लासची ऑनलाइन बाजू ती सांभाळू लागली. नवऱ्याची उद्यमबागेतली फौंड्री मार्चपासून बंद, त्यामुळं घर आता याच नोकरीवर चाललेलं.

गोपाळसर निवृत्त हेडमास्तर. एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनी, दंडाला काळी फीत लावून निषेधफेरीत पहिल्या रांगेत चालणार, आणि दोन तारखेपासून मराठी शाळेतल्या पोरांना सरकारी नोकरीसाठी कन्नडचा सक्तीचा पेपर कसा सोडवायचा ते शिकवणार. दोन्ही कामं मनापासून. पण त्यांचा खरा जीव सत्कारात. आठवड्याला एक तरी शाल खांद्यावर पडली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

क्लासच्या पत्रकावर ‘स्वतःचा अत्याधुनिक सर्व्हर’ असं ठळक छापलेलं. प्रत्यक्षात तो दूरच्या कुठल्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेला सगळ्यात लहान सर्व्हर. मेमरी एक जीबी, सरांच्या फोनला आठ. पाहुणे आले की सर भिंतीवरच्या वायफायच्या डबीकडं बोट दाखवून ‘हा आमचा सर्व्हर’ म्हणत. खंडेनवमीला त्या डबीला झेंडूचा हार असे. विनोदिनीनं दोनदा खरं सांगून बघितलं आणि मग नाद सोडला.

जुलै लागला तशी साइट सराव परीक्षेच्या ऐन वेळी बसायला लागली. सदलग्याच्या पूर्णिमाचा तर रोज फोन. “म्याडम, तिसाव्या प्रश्नाला सगळं गेलं ओ. परत पहिल्यापास्नं लिवू व्हय?”

सरांनी विनोदिनीला समोर बसवलं. शेजारी त्यांचा पुतण्या विक्रम, संस्थेचा ‘तांत्रिक सल्लागार’. कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडं एकच औषध होतं. तो म्हणाला, “आक्का, बंद करून चालू करायचं की. त्यात काय एवढं?”

सर म्हणाले, “हे बघ गं, येत्या रविवारी साडेचारशे पोरं पेपर देणार. चालली साइट, तर तुझी जागा पक्की. बसली, तर सोमवारपासून विक्रम बघंल.”

विनोदिनी उठून सर्व्हरच्या नोंदी वाचायला बसली. मेमरी भरली की सर्व्हर काही स्वतः मरत नाही. चाललेल्या कामांतलं सगळ्यात जड दिसेल ते एक तो मारतो आणि पुढं चालू लागतो. सहा दिवसांत असे अकरा खून झाले होते, आणि अकराही वेळा मेला होता डेटाबेस. म्हणजे पोरांची नावं, उत्तरं, गुण सगळं अंगावर घेऊन राबणारा एकटा गडी. लई काम करतो म्हणून जड, आणि जड म्हणून पहिला बळी. वाचून विनोदिनीला त्या सर्व्हरचा चक्क राग आला.

पण मेमरी खात होतं कोण? व्हिडिओ दुसरीकडं ठेवलेले, पोरं तेवढीच. तिनं दुपारी पूर्णिमाला फोन लावला आणि स्वतः मेमरीच्या आकड्यावर नजर ठेवून बसली.

“धडा उघड.” आकडा हलला नाही.

“पेपर उघड.” जरासा हलला.

“आता साइटचं पहिलं पान उघड बघू.”

आकडा टुणकन वर गेला.

पहिल्या पानावर काय होतं, तर ‘गौरवक्षण’. सरांचे शाल घेतानाचे दोनशे चौदा फोटो, कॅमेऱ्यातून निघाले तसे धिप्पाड. विक्रमनं अशी सोय करून ठेवली होती, की कुणीही पान उघडलं की सर्व्हरनं ते सगळे फोटो नव्यानं लहान करून दाखवायचे. पोरगं यायचं पेपर सोडवायला, आणि सर्व्हर आधी सरांना दोनशे चौदा शाली पांघरवत बसायचा.

तिनं सरांना सांगितलं, “सर, सत्कारांनीच मेमरी खाल्लीया.”

“सत्कारानं कुणाचं काय बिघडतंय गं?” सर दुखावलेच. “फोटो काढून टाकायचे न्हाईत.”

तिनं एकही फोटो काढला नाही. सगळे एकदाच लहान करून ठेवले, विक्रमची सोय बंद केली, अडीअडचणीला डिस्कवरची थोडी जागा मेमरीच्या दिमतीला दिली. साइटच्या कामाच्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं: नवे फोटो आधी लहान करा, मगच चढवा.

रविवारी साडेचारशे पोरांनी पेपर दिला. मेमरी दोन तास निम्म्याच्या जरा वर टिकून राहिली. दुपारी पूर्णिमाचा फोन आला, “म्याडम, शेवटपर्यंत गेला की ओ पेपर.” त्या एका वाक्यानं तिला जो आनंद झाला, तो शाळेतल्या नऊ वर्षांत झाला नव्हता.

सोमवारी चारला अर्थातच सत्कार ठेवला. पहिला विक्रमचा, ‘तांत्रिक यशाबद्दल’. दुसरा विनोदिनीचा. तिला शाल पांघरवता पांघरवता सर माइकवर म्हणाले, “संस्थेवरचा भार हलका करायचं कमिटीनं ठरवलंय. सगळ्यात जास्त भार कुठला, तेबी बघितलं. आता साइट बंदच पडत न्हाय म्हटल्यावर ती बघायला वेगळं माणूस कशाला? विनोदिनीबाईंना आपण मानानं निरोप देऊया.”

टाळ्या झाल्या. तिनं नारळ घेतला, वही विक्रमच्या हातात दिली आणि येळ्ळूरची बस धरली. खिडकीशी बसल्यावर तिला रडू आलं, ते तिनं त्याच शालीला पुसलं.

पाचला साइटवर रविवारच्या पेपरचा निकाल लागणार होता. पाच वाजून सहा मिनिटांनी तिच्या फोनवर सर्व्हरचा निरोप आला: डेटाबेस मारला. तिनं साइट उघडली. पहिलं पान अर्धवट उमटून थांबलेलं. विक्रमनं आपली सोय परत चालू केली होती आणि आजचे चाळीस फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवले होते. सगळ्यात वर तिचा स्वतःचा, डोळे मिटलेला. शेजारी सर कॅमेऱ्याकडं बघून हसत होते.

लगेच विक्रमचा फोन. “आक्का, साइट बसली की ओ. सर ओरडाय लागल्यात. काय करू?”

“बंद करून चालू कर,” विनोदिनी म्हणाली.

तिला फार बरं वाटलं. मग सदलग्यात निकालाची वाट बघत बसलेली पूर्णिमा आठवली, आणि तितकंच वाईटही वाटलं. फोन परत वाजू लागला तेव्हा येळ्ळूरचा स्टॉप आला होता. तिनं तो वाजता वाजता पिशवीत नारळाखाली सरकवला आणि ती उतरली.