अक्का माझ्या पोळपाटावर

नशिराबादच्या त्या पापडवाल्या अक्काचं नाव मला अजून माहीत नाही. तिच्याकडे पापड लाटायला लागून आठच दिवस झाले अन् मी तापानं पडले. चौथ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन पळतच गेले, काम गेलं असंल असंच वाटत होतं. बघते तर माझ्या पोळपाटावर अक्काच, दुखरा गुडघा लांब करून.

"अक्का, दुसरी बाई ठेवली का?"

"चार बायांचा छोटा धंदा माझा. घरी बसल्याची मजुरी द्यायला परवडत नाही, अन् आजारी बाईची कापवत नाही. म्हणून तुझे पापड मी लाटले. मजुरी तुझीच."

"एकबी गोल नाही पण," बाया हसल्या.

मी जवळ वाकले तसा अक्कानं पिठाचा हात माझ्या कपाळाला लावला. "अजून गरम शे, ताप उतरला नाही. जा घरी."

अन् परत लाटायला लागली. मी दारापर्यंत गेले अन् तिथंच उभी राहिले, मालकीण अशी असती हे मला ठाऊकच नव्हतं.