एका वर्षाने कमी भरलेली पदवी

आमच्या शेवगावात एखादी गोष्ट पूर्ण होण्याआधीच तिचा फ्लेक्स लागतो. माझाही लागला.

बीएस्सीनंतर मी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला होता. व्हिडिओवर मुलाखत झाली. पलीकडच्या बाई हसतमुख होत्या. म्हणाल्या, "तुमची पदवी आमच्याकडच्या पदवीच्या बरोबरीची आहे का, ते तपासून घ्या, मग पुढचं बोलू." मी हे पप्पांना सांगितलं, पप्पांनी काकांना, आणि काकांनी चौकाला.

तिसऱ्या दिवशी चौकात मी होते. काळ्या गाऊनमध्ये, मागे विमान. 'परदेशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. त्यातल्या चौघांना मी ओळखत होते. गॉगल लावलेले काका माझ्यापेक्षा मोठे छापले होते.

निवड अजून झालेली नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इंग्लिश मीडियमने मला इंग्रजीत नम्र आणि मराठीत गप्प राहायला शिकवलंय. गावात गप्प मुलगी म्हणजे संस्कारी मुलगी. त्यामुळे त्याचंही कौतुकच झालं.

फ्लेक्सची लोखंडी फ्रेम बसवणारा वेल्डर पाच वर्षं दुबईत राहून आलेला. त्याने आधी फोटोकडे पाहिलं, मग स्कूटीवरच्या माझ्याकडे.

"ताई, ह्या तुमीच का? फोटूत लई गोऱ्या झाल्यात."

"छापणाऱ्याने केलं."

"नोकरीचा कागद आला का हातात?"

"येईल."

"म्हंजे न्हाई आला." तो तार पिळायला लागला. "मी गेल्तो तवा दहावी नापास. सायबानं दोन पाइप दिले, म्हनला जोड. जोडले. त्यानं वरून हातोडा हाणून बघितला. तुटलं न्हाई. झालं काम. तुमचं कसं बघत्यात?"

"पदवी तपासायला पाठवली आहे."

"तिच्यावर बी हातोडा हाणत्यात व्हय?"

मी हसले. त्या आठवड्यातलं ते माझं एकमेव खरं हसू.

मग शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ, आणि "दोन शब्द इंग्लिशमध्ये बोल" असा आग्रह. मी थँक यू म्हणाले. मोजून दोन शब्द. खाली उतरले तर स्कूलबसवरच्या मावशींनी हात धरला. दहा वर्षं त्यांनी मला याच हाताने बसमध्ये चढवलं होतं. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे.

"मला एक सांग बाई, नुसत्या डिग्रीवर भागतं का गं तिकडं? म्हंजे हिला बी तुझ्यासारखं तीन वर्षांचं बीएस्सीच करू दे."

शाल खांद्यावर होती. नारळ हातात होता. मी म्हणाले, "भागतं."

पुढच्या सोमवारी तपासणीचा निकाल आला. त्यांच्याकडे पदवी चार वर्षांची. माझं शिक्षण तीन वर्षांचं, म्हणून पदवीच्या बरोबरीचं नाही. मी तो निकाल प्रयोगशाळेला पाठवला. हसतमुख बाईंनी शुभेच्छा दिल्या. त्या जगात शुभेच्छा कामाच्या शेवटी देतात, आमच्याकडे सुरुवातीला.

पप्पांना सांगायला मी त्यांच्या खतांच्या दुकानात गेले. ते एका शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी दाखवत होते.

"पप्पा, माझं एक वर्ष कमी पडतंय."

"कशात?"

"पदवीत. नाही घेतलं त्यांनी."

त्यांनी पिशवी उलटी करून तिच्यावरची तारीख वाचली. "पण फ्लेक्स लागलाय ना."

"तो त्यांना चालत नाही, पप्पा."

इतकं उलटं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मध्ये तो शेतकरीच बोलला, "एक वरीस म्हंजे उसाचं एक पीक की शेठ. त्यात काय एवढं."

पप्पांनी पिशवी खाली ठेवली. "कुठं मिळतं हे चौथं वर्ष?"

"पुण्यात."

"बघ मग." जरा थांबून म्हणाले, "फ्लेक्स रविवारपर्यंत राहू दे. तसाही काकाचा वाढदिवस आहे, त्याच फ्रेमवर त्याचा लागेल."

राहिल्या मावशी. मुलाखतीला मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्यांच्या दारात घाबरले. आतल्या खोलीत त्यांची मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मी दारातच सांगून टाकलं, "मावशी, मी खोटं बोलले. तीन वर्षांच्या पदवीवर माझं नाही भागलं. हिला चौथं वर्ष असलेल्या कॉलेजलाच घाला."

मावशींनी पदराला हात पुसले. ओरडतील असं वाटलं.

"मग तो बोर्ड?"

"रविवारी उतरवणार आहेत."

त्यांनी आत वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिची परीक्षा होईस्तोवर राहू दे म्हनावं. ती रोज चौकात तुला बघून येती अन् अभ्यासाला बसती."

तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दुसऱ्या चौकात लावा, हे काकांना मीच जाऊन सांगितलं. मराठीत.