धर जरा, मी बघतो

कुठलंही काम अंगावर घेण्याआधी काका मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्या हातात ठेवायचे. "धर जरा. मी बघतो." एवढं बोलून बाह्या वर. मग त्यांचं काम होईपर्यंत तुम्ही अडकलात. दुसऱ्याचं घड्याळ हातात असताना निघून जाता येत नाही, हे तुम्हीही कधी तरी अनुभवलं असेल. मी तर त्या घड्याळाचा रखवालदार नेमल्यासारखा वर्षानुवर्षं उभा राहिलो.

सिंगापूरच्या यिशुन भागात आमच्याच ब्लॉकमध्ये ते आठव्या मजल्यावर, आम्ही सहाव्या. नोकरीही चांगी बिझनेस पार्कमधल्या एकाच ऑफिसात. म्हणजे दिवसभर तेच आणि संध्याकाळी परत तेच. मूळचे पुण्याचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचो आणि ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरलं की काका. मीटिंगमध्ये प्रोजेक्टर बंद पडला, मी बघतो. आमचं वॉशिंग मशीन गळायला लागलं, मी बघतो. काकांनी बघितल्यावर मशीन दुप्पट जोरात गळलं आणि खालच्या मजल्यावरची चिनी आजी तक्रार घेऊन वर आली, तर त्यांनी तिच्याच हातात घड्याळ ठेवलं. तीही बिचारी धरून उभी राहिली.

अशा माणसाने एक दिवस शिडाची बोट घेतली. तीस फुटी, जुनी, मायदेशी परतणाऱ्या एका डच जोडप्याची. आमच्या मराठी मंडळींना बोलायला विषय मिळाला. पन्नाशीनंतरचे डोहाळे, असं सर्वानुमते ठरलं. खरं कारण ब्लॉकमध्ये फक्त आमच्या घराला माहीत होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा पाच वर्षांचा असताना सगळ्या कुटुंबाने पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतला होता. त्याशिवाय यिशुनचा फ्लॅट विकत घेता येत नव्हता. पण असा पीआर घेतलेल्या मुलाला मोठं झाल्यावर इथल्या सैन्यात दोन वर्षं काढावी लागतात. नेमक्या त्या वयात मुलाला ऑस्ट्रेलियात पर्थच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. काका त्याला म्हणाले, "तू जा. इथलं मी बघतो." सगळे बाप म्हणतात तेच. अर्ज करू, मुदत वाढवून घेऊ, कोणाला तरी भेटू, अशी त्यांची समजूत. इथे तसं काही चालत नाही. मुलगा परवानगीवाचून गेला आणि गुन्हेगार ठरला. सिंगापूरला पाऊल टाकलं की अटक. ज्या ब्लॉकखाली तो सायकल शिकला, तिथे त्याला येता येईना.

म्हणून ती बोट. समोर इंडोनेशियाची बेटं. मुलगा पर्थहून जकार्तामार्गे वळसा घालून त्यातल्या बाताम बेटावर यायचा आणि काका इथून बोट घेऊन जायचे. मग आठ-दहा दिवस बापलेक बेटाबेटांतून फिरायचे.

"फेरीबोटीने तासाभरात जाता येतं की," मी एकदा म्हटलं.

"आणि राहायचं कुठे? हॉटेलात? हॉटेलात बापही पाहुणा आणि मुलगाही पाहुणा. बोटीत भांडी घासावी लागतात रे. घरासारखं वाटतं."

काकूंना बोट लागायची. त्या गोळी घेऊन कशाबशा फेरीने जायच्या, धक्क्यावरच्या खोलीत दोन दिवस मुलाला जेवू घालायच्या, डबे देऊन परत यायच्या. शिडाच्या बोटीत त्यांनी पाय ठेवला नाही. त्यांच्या जागी दोन-तीनदा मी गेलो. खलाशी म्हणून माझी लायकी दोर धरण्याइतकीच होती. तसा मला धरण्याचा सराव होताच.

तिथले दिवस मात्र मी विसरणार नाही. शेगडी बोटीबरोबर झुलायची, पण तिच्यावरचा कुकर सरळ उभा. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडायचे, म्हणजे मीठ वेगळं नको. आंघोळ समुद्रात, वरून गोड्या पाण्याचा एक तांब्या. दुसरा मागितला तर काका असे बघायचे, जणू मी टाकीच पिऊन टाकली. दुपारी वर ताडपत्री बांधून झोपायचं. पावसाची सर आली की त्याच ताडपत्रीचं पाणी बादलीत धरायचं आणि बनियन धुवायचे. बेटावरचे कोळी होडीतून मासे आणून द्यायचे आणि बदल्यात काकूंच्या चकल्या न्यायचे. एक म्हातारा कोळी तर मासे विसरून नुसताच चकल्यांसाठी यायचा.

नांगर टाकला की काकांचं घड्याळ निघालंच. नांगर वाळूत नीट रुतलाय की नुसता आडवा पडलाय, हे बुडी मारून डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. वर आले की केस निथळत म्हणायचे, "घट्ट आहे. आता झोपा." मुलगा हसायचा. बापाचं टक्कल आणि त्यावरचे चार ओले केस बघून मीही हसायचो.

संध्याकाळी चहा घेताना एकदा ते मला म्हणाले, "त्याने एकदा यिशुनला आपल्या टेबलावर बसून जेवावं. बास. मग माझं काही मागणं नाही."

शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. मुलगा आता तेविशीचा, दाढी राखलेला. दुपारी काका कांदा चिरत होते, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आय वॉन्ट टू गो बॅक. जेल तर जेल. मग आर्मी. संपलं. मला घरी यायचंय."

"थांब," काका म्हणाले. "एका वकिलाशी बोलणं चाललंय. मी बघतो."

"यू ऑलवेज से दॅट लाह, बाबा." वाक्याशेवटचं सिंगापुरी 'लाह' त्याचं पर्थलाही सुटलं नव्हतं.

काकांनी सुरी खाली ठेवली. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि सरळ पाण्यात उडी मारली. नांगर सकाळीच दोनदा बघून झाला होता. ते श्वास घ्यायला वर येत होते आणि आमच्याकडे न बघता परत खाली जात होते. मुलगा कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिला.

"अंकल, मला पोलिसांनी नेलेलं त्यांना सहन नाही होणार," तो हळूच म्हणाला. "दॅट्स ऑल. बाकी सगळं त्यांना कळतं."

काका वर आले. डोळे लाल झाले होते. खाऱ्या पाण्याने होतात. "घट्ट आहे," म्हणाले, आणि उरलेला कांदा चिरायला बसले. त्या खेपेला परतताना वादळी हवा होती, म्हणून बोट बातामच्या धक्क्यावरच ठेवून आम्ही फेरीने आलो.

पुढे महिनाभराने, ऑफिसात. मीटिंग सुरू व्हायची होती आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. चेहरा घामाने डबडबलेला. त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "धर जरा," म्हणाले. मी पुढच्या दोन शब्दांची वाट बघत राहिलो. ते शब्द आले नाहीत. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यसंस्काराला मुलगा माझ्या मोबाईलमध्ये होता. काकूंनी त्याला शपथ घालून पर्थलाच थांबवलं होतं. एका दिवसात नवरा आणि मुलगा दोघंही जायला नकोत, एवढंच त्या म्हणत होत्या. मी फोन उंच धरला होता. "अंकल, स्टेडी धरा ना, प्लीज," तो म्हणत होता. मला ते जमलं नाही. आयुष्यभर मी या माणसाच्या वस्तू धरत आलो, आणि त्या दिवशी एक फोन मला धरता आला नाही.

अस्थी घेऊन काकू आणि मी फेरीने बातामला गेलो. मुलगा धक्क्यावर उभा होता. काकू पहिल्यांदा त्या बोटीत चढल्या. त्यांना बोट लागली नाही, किंवा लागली असेल, कोणाच्या लक्षात आलं नाही. आत शिरून त्यांनी सगळं बघितलं. चकल्यांचा डबा. झुलणारी शेगडी. घासून, पुसून, ओळीने पालथी घातलेली भांडी. "घरी या माणसाने कधी एक कप विसळला नाही," त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडल्या.

नेहमीच्या बेटाजवळ मुलाने नांगर टाकला आणि आम्ही अस्थी सोडल्या. मग मी खिशातून घड्याळ काढून त्याला दिलं. त्याने ते मनगटावर बांधलं. पट्ट्याला बापाच्या मनगटाचा बाक आला होता, तो त्याला नीट बसला.

"आई, मी तुमच्याबरोबर येतोय," तो म्हणाला.

"अरे, थांब थोडं. वकिलांना विचारून..."

"किती थांबायचं, आई? बाबा थांबलेच ना."

काकूंनी त्याच्या दाढीवरून हात फिरवला.

परतीच्या फेरीत आम्ही तिघं होतो. बंदरातल्या क्रेन दिसायला लागल्या तसा तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. मग विचारलं, "आपल्या ब्लॉकखालचा प्राटा अंकल अजून आहे?" आहे ना, मी म्हटलं. त्या पराठेवाल्याचा गाळा बंद होऊन वर्ष झालं होतं.

इमिग्रेशनची रांग मोठी होती. भिंतीशी एक बाक होता. मुलाने त्यांना तिथे बसवलं. "आई, यू सिट लाह," म्हणाला. मग माझ्याकडे वळला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "अंकल, धरा जरा. मी बघतो."

काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडला, समोरच्या स्क्रीनकडे बघितलं आणि फोन उचलला. दोन अधिकारी आले. ते त्याच्याशी आदराने बोलले. तो त्यांच्यामागून आतल्या दारातून गेला आणि दार लागलं.

रांग संपली. पुढची फेरी येऊन तिचीही माणसं निघून गेली. "काकू, चला," मी म्हटलं. "आता आपल्याला इथे थांबून उपयोग नाही. उद्या चौकशी करू."

काकूंनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"त्याचं काम व्हायचंय अजून," त्या म्हणाल्या. "बस."