सरपंचबाईंचा फोटो कोणी काढला

“फोटो दादांनीच काढला. सुनंनं निस्तं बटन दाबलं.”

माझा धाकटा भाऊ विष्णू हे वाक्य तलवाड्याच्या पारावर सांगतो, लग्नाच्या मांडवात सांगतो, आणि परवा तर त्याने ते माझ्यासमोरच चार पाहुण्यांना ऐकवले. त्याचा हेतू वाईट नाही. त्याला थोरल्या भावाचा अभिमान आहे. परंतु वाक्य खोटे आहे. गेवराईत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि यापुढे तो माझी सून अश्विनी चालवणार आहे. विष्णूचे ऐकून आलेले गिऱ्हाईक दारातूनच माझी चौकशी करते, “नाना हायेत का? न्हाईत? मंग नंतर येतो.” असेच चालले तर माझ्यामागे स्टुडिओला कुलूप लागेल. म्हणून घडले ते सांगणे भाग आहे.

प्रथम माझा हक्क नोंदवतो. प्रकाशाची ओळख तिला मीच करून दिली. ती लग्न होऊन आली आणि स्टुडिओत रस घेऊ लागली, तेव्हा मी स्टुलावर एक तांबडा भोपळा ठेवला, नाकाच्या जागी हिरवी मिरची खोचली आणि म्हणालो, “ह्याचा फोटो काढ.” ती हसली. मी हसलो नाही. मुख्य दिवा, ज्याला आम्ही की लाइट म्हणतो, तो चेहऱ्याच्या एका बाजूला आणि डोळ्यांपेक्षा उंच असावा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा. त्यावरून परतलेला उजेड सावली मऊ करतो. मिरचीची सावली ओठांच्या जागेपर्यंत उतरली तर दिवा फार उंच आहे. गालावर आडवी पसरली तर फार बाजूला आहे. पोझचेही नियम शिकवले. खांदे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे, भार मागच्या पायावर. भोपळ्याला पाय नसल्यामुळे या धड्यासाठी मी स्वतः उभा राहिलो.

आता मूळ प्रसंग. विष्णूची बायको रुक्मीण आमच्या तलवाड्याच्या सरपंचपदाला उभी राहिली. बॅनर त्याच संध्याकाळी छपाईला जायचे होते आणि हाताशी धड फोटो नव्हता. विष्णू तिला घेऊन स्टुडिओत आला. मी दिवे लावले, पडदा सोडला आणि कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. रुक्मीणने पदर भुवयांपर्यंत ओढला आणि तोंड भिंतीकडे केले.

यात नवल नव्हते. आमच्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर तोंड उघडे टाकत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. रुक्मीण घरात आली तेव्हा माझे केस काळे होते; रीत मात्र तशीच आहे. मीही तिच्याशी थेट बोलत नाही.

“अश्विनी, तिला म्हणावं, हनुवटी वर घे.”

“काकू, हनुवटी वर घ्या.”

हनुवटी वर आली, पदर खाली आला. मी बरेच फोटो काढले. प्रत्येकात पदराखाली एक नाक होते.

विष्णूचा धीर सुटला. “अगं, वर बघ की! मतं काय भिंतीला मागायचीत? समोरच्या पार्टीची बाई बॅनरवर कशी वाघिणीवानी बघायलीय. लोक इचारतील, आपला उमेदवार का म्हून लपलाय? जाऊ द्या दादा, माझाच फोटो मोठा टाका, हिचं नाव खाली लिवा.”

रुक्मीण अश्विनीच्या कानाशी लागली. पण ते ऐकू सगळ्यांना गेले.

“त्यायला सांग, उभी मी ऱ्हायलेय.”

अश्विनीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “नाना, तुमी भाईर बसा. काका, तुमीबी.”

“स्टुडिओ माझा हाय.”

“मी कुटं न्हाई म्हणलं? चहाचं दुकान समोरच हाय.”

“दिव्याला हात लावू नको.”

“बरं.”

दार लागले. आम्ही दोघे पायरीवर बसलो, चहा तिथेच मागवला. आतून अश्विनीचा आवाज येत होता. “काकू, म्हायेरचं माणूस दारात आल्यावर कसा नमस्कार करता? तसा करा. आन् कोपरं आत घ्या, पंख पसरल्यावानी दिसायलंय.” मग काहीतरी हलक्या आवाजात झाले, आणि दोघी खदखदून हसल्या.

“एवढं हसायला काय झालं?” विष्णू म्हणाला.

“निवडणूक तुझ्या बायकोची हाय. तू चहा पी.”

फोटो मी नंतर कॉम्प्युटरवर पाहिला. जोडलेले हात, कोपरे अंगाशी, पदर डोक्याच्या मध्यावर, नजर थेट समोर. आणि दिव्याला तिने हात लावला होता. डोक्यावरच्या पदराची कड छज्ज्यासारखी पुढे येते. दिवा उंच असला की डोळे अंधारात जातात. तिने तो खाली घेतला होता. हे मला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. पदर घेतलेल्या बायकांना मी नेहमी खिडकीसमोर बसवत आलो आहे. परंतु त्या दिवशी दिवा मी उंच लावला होता आणि खाली तिने घेतला, हेही तितकेच खरे.

रुक्मीण निवडून आली. फोटोमुळे आली, असा दावा विष्णूही करत नाही. मात्र अभिनंदनाला आलेल्या प्रत्येकाला त्याने आपले ते वाक्य ऐकवले.

अश्विनीला त्याचे काही वाटत नाही, असे ती सांगते. “जाऊ द्या नाना, पाटी तुमच्याच नावाची हाय.”

“पाटी बदलता येती,” मी म्हणालो, आणि विष्णूला बोलावून घेतले.

तो वाद घालायला तयारच होता. “दादा, दिवे तुमचे, कॅमेरा तुमचा, शिकवलंबी तुमीच. मंग फोटो कुणाचा?”

दिवे माझे, कबूल. कॅमेरा माझा, कबूल. भोपळाही माझा. पण मी त्याला एक गोष्ट सांगितली. त्या फोटोत रुक्मीणच्या डाव्या गालाला खळी पडली आहे. तिला खळी पडते, हे मला तो फोटो पाहिल्यावर कळले.