बाईसाहेबांची विलायती वेल

हल्ली घरोघरी बाटलीत दिसणाऱ्या मनी प्लँटला माझ्या तरुणपणी कोल्हापुरात नाव नव्हतं. आम्ही तिला विलायती वेल म्हणायचो. महाराजांच्या कारकिर्दीत, माझं लग्न झालं त्या वर्षी, आमच्या पेठेत ती एकाच घरी होती. दरबारातल्या एका अंमलदाराच्या वाड्यात, दर्शनी सोप्यात, पितळी घंगाळात लावलेली. हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे, आणि खांबावरून चढून पार तुळईला लागलेली.

त्या अंमलदाराच्या पत्नीला सगळे बाईसाहेब म्हणत. छावणीकडच्या एका साहेबाच्या मडमेनं स्वतःच्या हातानं ही वेल दिली, अख्ख्या कोल्हापुरात दुसरी नाही, असं त्या येईल त्याला सांगत. फांदी मागितली तर, "दुसऱ्याच्या हाताला ती लागत नाही," म्हणून वाटेला लावत. वेल माजली की छाटत, आणि छाटलेले तुकडे मोलकरणीकडून उकळत्या पाण्यात टाकवून घेत, मगच उकिरड्यावर. कुणी उचलून लावू नये म्हणून. हे त्या मोलकरणीनंच गल्लीत सांगितलं होतं.

माझं माहेर त्यांच्याच गल्लीत, सासर त्याच पेठेत पलीकडच्या गल्लीत. वडील पागेत खोगिरं शिवत. आई कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला वर्षातून एकच हौस होती, चैत्रातल्या हळदीकुंकवाची. इरकली नेसून, नथ घालून ती घराघरांत जाऊन यायची.

त्या चैत्रात मी माहेरी आले होते, म्हणून तिच्यासोबत बाईसाहेबांकडे गेले. गौर बघून झाली, पन्हं झालं, मोलकरणीनं ओटीत भिजवलेले हरभरे घातले, वर विड्याचं पान ठेवलं. आम्ही उठलो. आई खांबाजवळून उंबऱ्याकडे निघाली, तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, "जरा थांबा. पदरात काय आहे?"

आई म्हणाली, "ओटी हाय की."

"ते हिरवं टोक दिसतंय ते. माझ्या वेलीचं पान आहे. झटका पदर."

सोपा बायकांनी भरलेला होता. आईनं माझ्याकडं बघितलं, मग बाईसाहेबांकडं, आणि पदर सोडला. हरभरे फरशीभर उडाले. वर पडलं ते विड्याचं पान, त्यांच्याच मोलकरणीनं दिलेलं.

बाईसाहेब हसल्या. "अगदी सारखंच दिसतं बाई," एवढंच म्हणाल्या आणि मोलकरणीला केरसुणी आणायला सांगितलं. ओटी केरात जाऊ नये म्हणून माझी आई त्या सगळ्यांच्या पायांशी बसून एकेक हरभरा वेचत राहिली. एकही बाई वाकली नाही. मी वाकले, तर आई म्हणाली, "तू नको."

त्यानंतर ती कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही. कुणी बोलावणं घेऊन आलं की, "गुडघं दुखत्यात," म्हणायची. नथ डबीत गेली ती गेलीच.

माझ्या डोक्यात मात्र ते धगधगत राहिलं. भाकरी थापताना, पाणी भरताना मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडत असे. शिव्या देऊन भागलं नसतं. त्या बाईचा सगळा तोरा त्या एका वेलीवर होता, तेव्हा घाव तिथंच घालायचा हे मी ठरवून टाकलं.

माझे यजमान एका डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पावसाळ्यात छावणीकडच्या त्याच साहेबाच्या घरी कुणाला ताप आला आणि ते औषध घेऊन तिथं गेले. परत आले ते सायकलला पोतं बांधून. बंगल्यामागच्या भिंतीवर तीच वेल पसरली होती आणि माळी ती ओढून ओढून उकिरड्यावर टाकत होता. ह्यांनी एक फांदी मागितली, तर तो म्हणाला, "एक कशाला पावणं, पोतं भरून न्या की. गवतागत माजलंय हे."

मी पोतं उघडलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

पहिल्या खेपेला मी चांगली चांगली पानं तेवढी तोडून पाण्यात ठेवली. ती सडली, घरभर वास सुटला. मग लक्षात आलं की नुसत्या पानाला काही होत नाही. देठ जिथं वेलीला चिकटतो तिथं पेर असतं, पेरावर तपकिरी बोंड असतं, मूळ तिथूनच फुटतं. मी पेराच्या खाली तिरका काप घेऊन तुकडे केले. पेर पाण्यात, पान बाहेर. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या घरात होत्याच. त्या राखेनं घासून खिडकीत मांडल्या. कडक ऊन लागलं ती पानं करपली, म्हणून बाटल्या आतल्या फळीवर नेल्या. पाणी गढूळ दिसलं की बदलत होते. हळूहळू पांढरी मुळं सुटली. एकेक मूळ बघताना मला जो आनंद होई, तो काही चांगल्या मनाचा नव्हता.

मग वाटप सुरू केलं. त्या दिवशी सोप्यात बसलेल्या बायका मला तोंडपाठ होत्या. एकेकीच्या घरी बाटली घेऊन गेले. मुळं बोटभर झाली की शेणखत आणि वाळू घालून मातीत लावा, आणि वाढली की छाटून शेजारी द्या, असं सांगितलं. बाईसाहेबांचं नाव एकदाही काढलं नाही. दिवाळीपर्यंत वेल पेठेत पसरली. कुडा-भिंतींवर चढली, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसली, पत्र्याच्या डब्यांतून लोंबू लागली.

पुढच्या चैत्रात मी एकटीच बाईसाहेबांकडे गेले. त्यांनी यंदा वेल गौरीच्या मागं कमानीसारखी चढवली होती. नव्यानं राहायला आलेल्या एका वकिलाच्या बायकोला त्या मडमेची गोष्ट सांगत होत्या. कोपऱ्यावरच्या तेलीणबाई आत आल्या, वेलीकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया, ही तर आमच्या मोरीवर हाय की."

दुसरी म्हणाली, "आमच्यात गोठ्याच्या कुडावर चढलीया. म्हस वास घेऊन सोडती."

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. "कुठून आणलीत?"

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "साहेबाच्या बंगल्यामागच्या उकिरड्यावरून. माळी पोत्यानं देतो. तुम्हाला कमी पडत असेल तर सांगा, घरी बाटल्या पडून आहेत."

आधी तेलीणबाई हसल्या, मग सोपाच्या सोपा हसला. ते हसू मी वर्षभर मनात ऐकत आले होते. प्रत्यक्षात ते त्याहून गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईसाहेब माझ्या दारात आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"होय."

"मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

त्या बाईला आठवतच नव्हतं. मी सगळं सांगितलं, फरशीवरच्या हरभऱ्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशासाठी?"

"एवढंसंच असेल, तर माझ्या आईच्या घरी जा. त्याच बायकांना बोलवा आणि त्यांच्यादेखत तिला सांगा, चुकले म्हणून."

त्या गेल्या नाहीत. वेल मात्र त्याच आठवड्यात उपटून टाकली. आईला मी हे सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "तिला आठवत न्हाय?" तिनं विचारलं, आणि पुन्हा सुपाकडं बघायला लागली. "मला तर रोज आठवतंय."

पुढं अंमलदारांची बदली शिरोळला झाली. सामानाच्या गाड्या निघाल्या तेव्हा निरोपाला गल्लीतून फारसं कुणी गेलं नाही. मी दार लावून आत बसले.

बऱ्याच वर्षांनी आई वारली, त्या सुमारास ते लोक परत कोल्हापुरात आले होते. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब माझ्या माहेरी भेटायला आल्या. थकल्या होत्या, काठी होती हातात. मी त्यांना घोंगडं अंथरून दिलं, तांब्याभर पाणी ठेवलं. आता तरी त्या चुकले म्हणतील म्हणून थोडा वेळ समोर बसले. मग पाणी न पिताच त्या उठल्या. मी दारापर्यंत गेले नाही.