अण्णांची अक्षरं

वडूजमध्ये माझ्या वडिलांना सगळे पेंटर म्हणूनच ओळखायचे. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची नावं, हाच त्यांचा धंदा. पण अक्षर असं काढायचे की बाजारला आलेला माणूस काम नसताना थांबून पाटी वाचायचा. आमच्या विहाराच्या भिंतीवरचा बुद्धही त्यांनीच काढलेला. त्याचे मिटलेले डोळे काढायला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस अण्णा घरात कुणाशी बोलले नाहीत.

मी त्यांची एकुलती मुलगी. मला शिकवायला घेतलं, पण दोन वर्षं त्यांनी रंगाला हात लावू दिला नाही. ब्रश पाण्यात बुडवायचा आणि जुन्या पत्र्यावर नुसती रेघ ओढायची. पाणी वाळलं की पत्रा कोरा, पुन्हा रेघ. "श्वास सोडलास की रेघ हालली बग," म्हणायचे, आणि हालली की ब्रशच्या दांड्यानं बोटावर फटका. मला त्यांचा लय राग यायचा. पुढं इनॅमलचा डबा हातात आला तेव्हा कळलं. रंग घट्ट झालाय हे डोळ्यांच्या आधी बोटांना समजतं, ब्रशच्या केसांतून.

चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन मी सांगलीत खोली करून राहिले. शाळेत जागा मिळाली नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि एका ग्राफिक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायला चित्रकला येणारी मुलगी हवी होती. थंडगार काचेची केबिन, चपला बाहेर. पहिले काही दिवस माऊसनं साधा गोलही येईना. हात टेबलावर फिरतोय आणि रेघ समोर काचेत उमटतेय, आपला तिच्याशी काही संबंधच नाही असं वाटायचं. पण चूक झाली की एक बटण दाबायचं, चूक गायब. फटका नाही, टर्पेंटाइननं पुसणं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. संध्याकाळी नखं स्वच्छ असायची, त्याचाही आनंद व्हायचा.

मालक नवीन मशीन घेऊन आले. कॉम्प्युटरवर अक्षर काढलं की ते रंगीत, चिकटणाऱ्या रेडियम कागदातून तसंच कापून द्यायचं. "पण आपली मराठी अक्षरं मेल्यासारखी दिसतात," ते म्हणाले. "चांगली अक्षरं कुठून आणायची?"

ती कुठून आणायची हे मला माहीत होतं. सुट्टीला गेले तेव्हा अण्णांना म्हटलं, "मला समदी मुळाक्षरं काढून द्या. सरावाला हवीत."

ते इतके खूश झाले की आठवडाभर पाट्यांची कामं मागं सारली. कार्डशीटवर काळ्या शाईनं एकेक अक्षर काढलं. 'क्ष' मनासारखा येईना, तर तीन कागद फाडले. जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून बंडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घडी घालू नगंस."

मी ती स्कॅन केली आणि कडेकडेनं माऊस फिरवून महिनाभरात सगळी कॉम्प्युटरवर उतरवली. मालकांनी पाठ थोपटली. अक्षरं कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

वडूजच्या एका कापड दुकानाची पाटी दर दिवाळीला अण्णाच रंगवायचे. त्या वर्षी दुकानदारानं सांगलीहून रेडियमची पाटी आणून लावली. मी घरी गेले तर अण्णा मला तिथं घेऊन गेले. बराच वेळ वर बघत उभे राहिले.

"ह्यो 'ळ' बग. प्वाट फुगलंय त्याचं. मी असा काडत न्हाई," ते म्हणाले. "बाकी समदं माजं हाय."

मी सगळं सांगून टाकलं.

"खरं सांगितलं असतंस तर दिली नसती व्हय मी?" ते म्हणाले. मग पाटीकडं बोट करून म्हणाले, "कसं करत्यात, दाखीव मला."

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते सांगलीला आले. चपला बाहेर काढून, अंग आवरून धरल्यासारखे खुर्चीवर बसले. माऊस हातात घेऊन म्हणाले, "ह्याला वजनच न्हाई गं." मग मशीन बघितलं. ज्या पाटीला त्यांना अर्धा दिवस लागायचा, ती चहा होईस्तोवर कापून बाहेर आली.

अण्णा मालकांना म्हणाले, "साहेब, ही अक्षरं माजी हायत. आमी पाटीच्या कोपऱ्यात बारीक नाव घालतो. तेवडं घातलं तर बरं व्हईल."

मालक हसले. "काका, अक्षरं काय कुणाच्या बापाची असतात का?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बापाची आहेत, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी स्क्रीनकडं बघत राहिले.

स्टँडवर त्यांना सोडायला गेले. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, "माजी पोरगी कंप्युटरवर असती. समदी अक्षरं तीच काडती." त्यांनी मला तिथं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

वर्षभरात वडूजमध्ये त्यांच्याकडं पाट्या येईनाशा झाल्या. मग ते घरांना चुना, डिस्टेंपर मारायला जाऊ लागले. मीही त्या दुकानात फार टिकले नाही. मन खात होतं म्हणून सोडलं असं सांगायला आवडेल, पण तसं नव्हतं. माझ्यापेक्षा भरभर काम करणारी मुलगी मालकांना मिळाली. अक्षरं मात्र तिथंच राहिली. मालकांनी ती फ्लॉपीवर घालून कऱ्हाड, मिरजेच्या दुकानांनाही दिली.

पुढं जतकडच्या एका शाळेत मला तासिकेवर चित्रकला शिकवायचं काम मिळालं. भाड्याच्या खोलीच्या दारावर लावायला एक छोटी पाटी रंगवून द्या, असं मी अण्णांना म्हटलं. ते भिंत घासून आले होते, हात कोपरापर्यंत पांढरे.

"कंप्युटरवर काड की," ते म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडं गेले.